मुंडकं उडतं, टॉकीज हसते: असं का होतं?

देव-दानवांच्या किंवा काल्पनिक राज्यांच्या युद्धाचा मोठा सिनेमा लागला की जळगाव-धुळ्याच्या टॉकीजांत एक गंमत हमखास दिसते. पडद्यावर राक्षसाचं मुंडकं उडतं, घरंगळत जाऊन दुसऱ्या राक्षसाच्या पायाशी थांबतं. तो खाली बघतो, मग वर बघतो. पुढच्या रांगांतून शिट्ट्या आणि हशा. त्याच क्षणी मागे कुणीतरी पदर तोंडाला लावून "ई, बाई!" म्हणतं, आणि शेजारचा हसणाऱ्याला विचारतो, "काय रे भो, मुंडकं उडनं अनी तू हासी ऱ्हायना?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तरादाखल लोक घाईघाईत जी वाटणी करतात, म्हणजे हसणारा निर्दयी आणि न हसणारा रडका, ती चुकीची आहे. दोघांचेही डोळे आणि मन नीटच चाललेले असतात. फरक पडतो तो एका साध्या गोष्टीनं: हे मरण मोजायचं, म्हणजे खऱ्या जिवाचं मानून मनावर घ्यायचं आहे की नाही, याचं उत्तर प्रत्येकानं आपापलं दिलेलं असतं. उत्तम दिग्दर्शक ते उत्तर प्रेक्षकावर सोडत नाही. तलवार उचलण्याआधीच तो ते देऊन टाकतो.

आधी शरीर, मग मन

जळगाव-धुळे महामार्गावर मोटरसायकलवरून दोघं चालले आहेत. समोरून ओव्हरटेक करणारा ट्रक अगदी अंगाला घासून जातो. गाडी कडेला लागते, दोघांचे पाय लटपटतात. आणि दोन मिनिटांनी, मागच्याची चप्पल रस्त्यात राहिली एवढ्याशा कारणावरून, दोघं पोट धरून हसत सुटतात. चप्पल एवढी विनोदी नसते. छातीतली धडधड अजून उतरलेली नसते, आणि तिला पहिली जी वाट सापडते तिथून ती बाहेर पडते.

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात हेच मांडलं: एका भावनेनं चढलेली शरीराची उत्तेजना लगेच विरत नाही, ती पुढच्या भावनेला जोर देते. युद्धाचा प्रसंग पंधरा-वीस मिनिटं चालतो. ढोल, किंकाळ्या, आपल्या नायकावर येणारे वार. एवढा दाब भरल्यावर पडद्यावर काहीतरी किंचित हास्यास्पद घडलं की हशा त्याच्या लायकीपेक्षा मोठा येतो. म्हणून तोच तुकडा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर सुटा पाहिला तर "यात काय होतं हसण्यासारखं?" असं वाटतं. सुटा तुकडा पाहणं म्हणजे ट्रक वगळून नुसती चप्पल पाहणं.

लग्नातल्या शिव्यांचा नियम

दाब आला तरी तो हसण्यातूनच का सुटावा, रडण्यातून का नाही? इथं दुसरी कल्पना लागते. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अभ्यासकांनी 2010 मध्ये मांडलेल्या तत्त्वाचा अर्थ असा: एखादी गोष्ट मर्यादा मोडणारी आणि तरीही निरुपद्रवी, अशी एकाच वेळी वाटली की हसू येतं. याला आपण 'बिनधोक आगळीक' म्हणू.

आपल्याकडे लग्नात बायका व्याही-विहिणीला गाण्यांतून टोमणे मारतात, कधी सरळ शिव्या घालतात. मांडवात विहीणही हसते. तेच शब्द दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर उच्चारले तर सोयरीक तुटेल. शब्द तेच असतात. मांडव त्यांना बिनधोक करतो. आणि आगळीकच नसती, नुसती गुळचट स्तुती असती, तर मांडवात कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. दोन्ही बाजू लागतात.

मुंडकं उडणं ही आगळीक आहेच. तिला बिनधोक कोण करतं? मरणारा माणूस नसून ट्रोल (पाश्चात्य लोककथांतला धिप्पाड, मठ्ठ राक्षस) किंवा आपला राक्षस असणं. त्याला नाव नसणं. त्याचा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला असणं. मृत्यू अशक्य पद्धतीनं, म्हणजे अंगणात पोरं खेळतात तसा, आलेला असणं. यातलं एक काढा, हशा अर्धा होतो. दोन काढा, टॉकीज गप्प.

मोजण्याचा मुद्दा इथंच येतो. काल्पनिक युद्धपटांत दोन मित्र लढता लढता 'माझे सतरा, तुझे किती?' अशी पैज लावतात, हा प्रकार आता सर्वांना पाठ आहे. प्रेत मोजण्याचा खेळ सुरू झाला की त्या प्रेतांची खरी मोजदाद थांबते. आकडा वाढत जातो आणि त्यामागचे जीव नाहीसे होतात. कथेनं प्रेक्षकाला दिलेली ती परवानगीच असते.

रक्तापेक्षा आतडी वाईट

"रक्त दाखवलं म्हणून किळस आली" असं आपण म्हणतो, पण किळसेचं खरं कारण थोडं वेगळं आहे. पॉल रोझिन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किळसेवर दीर्घ काम केलं आहे. किळस आणणाऱ्या गोष्टींच्या त्यांच्या यादीत एक ठळक नोंद आहे: शरीराचं आवरण फुटणं आणि आतलं बाहेर दिसणं. मुंडकं सफाईनं वेगळं झालं तर डोळा त्याला 'एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या' असं वाचतो. मानेतून काही लोंबू लागलं की तो 'शरीर उघडलं' असं वाचतो, आणि मग हसू संपतं.

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड उतरवल्यावर खांबावर कोयता चालतो तो पाहा. सपकन घाव, खांब क्षणभर उभाच, मग कलंडतो. कापलेला भाग पांढरा, गोल, स्वच्छ. पडद्यावरच्या विनोदी शिरच्छेदाला तोच गुळगुळीतपणा हवा असतो.

रंगाचंही तसंच. राक्षसांचं रक्त काळं, हिरवं किंवा निळं ठेवण्यामागे कल्पकता असते तशीच व्यवहाराची बाजूही असते. लाल नसलेलं रक्त प्रमाणपत्र देणाऱ्यांनाही कमी खुपतं, आणि प्रेक्षकाला 'हे आपल्यातलं नाही' असं शब्दाविना सांगतं.

चोवीस फ्रेमचा हिशोब

बहुतेक सिनेमे सेकंदाला 24 फ्रेमनं, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी चालतात, म्हणजे अर्धा सेकंद म्हणजे 12 फ्रेम. संकलकाच्या टेबलावर विनोद आणि बीभत्स यांतलं अंतर अनेकदा एवढंच असतं.

तलवार फिरण्याला साधारण 8 ते 10 फ्रेम, प्रत्यक्ष घावाला 2 ते 3. मग येतो महत्त्वाचा तुकडा: धड जागेवर उभं, काहीच घडत नाही, 10 ते 15 फ्रेम. त्यानंतर कोसळणं. हे आकडे ढोबळ आहेत, दृश्यागणिक बदलतात, पण हशा कुठे येतो ते ठरलेलं आहे. तो घावावर येत नाही, त्यानंतरच्या स्तब्धतेत येतो. केळीचा खांब उभा राहतो तोच हा क्षण.

ही स्तब्धता 4-5 फ्रेमवर आणली तर काय झालं ते डोळ्याला कळतच नाही, गर्दीत तो एक झटका ठरतो. उलट दोन-तीन सेकंद ताणली तर डोळ्याला फिरायला वेळ मिळतो, आणि मोकळा डोळा नेमका मानेकडे जातो. विनोद लांबवला म्हणून बीभत्स झाला, अशी तक्रार जिथे ऐकू येते तिथे बहुधा हेच झालेलं असतं. तिसरी चूक पुनरावृत्तीची. पहिलं मुंडकं अनपेक्षित असतं, दुसरं आठवण करून देतं, तिसऱ्याला प्रेक्षक आधीच तयार असतो. तिसऱ्या वेळी काहीतरी मोडावं लागतं: मुंडकं उडायलाच नको, किंवा उडवणाऱ्याचीच तलवार अडकायला हवी.

आवाजाचा वाटा तर चित्राहून मोठा. पडद्यावरच्या हालचालींना नंतर स्टुडिओत हातानं आवाज देण्याच्या कामाला 'फोली' म्हणतात. जॅक फोली या ध्वनी-कारागिराचं ते नाव. हाड मोडण्यासाठी सेलरीच्या दांड्या मोडतात, कवटीसाठी टरबूज फोडतात, घावासाठी कोबी. कोरडा 'कट्ट' आणि ओला 'पचक' यांत प्रतिक्रिया बदलून जाते. कोरडा आवाज वस्तूचा असतो, ओला आवाज शरीराचा. घरंगळणाऱ्या शिरस्त्राणाला टणटणत, मंद होत थांबणारा आवाज दिला की स्वयंपाकघरात हातातून सुटलेलं पातेल्याचं झाकण आठवतं, आणि झाकणाचं दुःख कुणी करत नाही.

इथं हिंदी डबचा एक बारीक घोळ. डब करताना संवाद नवे येतात, पण संगीत आणि आवाज बहुधा मूळचेच, वेगळ्या ट्रॅकवरून घेतलेले असतात. त्यामुळे कोरडा 'कट्ट' तसाच पोचतो, पण त्यानंतरचं एका ओळीचं वाक्य ओठांच्या मापात बसवताना लांबतं किंवा त्यात स्तब्धतेवर बोललेला जादा विनोद घुसतो. मूळ भाषेत हसलेला आणि डबमध्ये वैतागलेला प्रेक्षक एकाच दृश्याबद्दल वाद घालतात, तेव्हा ते खरं तर दोन वेगळी दृश्यं पाहिलेले असतात.

एकाच दिग्दर्शकाची तीन मुंडकी

पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाचं उदाहरण यासाठी सोयीचं आहे, कारण त्याची सुरुवातच रक्तबंबाळ विनोदी सिनेमांतून झाली. 1992 च्या त्याच्या 'ब्रेनडेड'मध्ये नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून चालत्या प्रेतांच्या घोळक्यात शिरतो. पुढे त्यानं इंग्रज कादंबरीकार टॉल्किनच्या कथांवर सहा सिनेमे केले.

2003 च्या 'द रिटर्न ऑफ द किंग'मध्ये शत्रू गोफणयंत्रांतून वेढलेल्या शहरात मुंडकी फेकतो. मुंडकी म्हणजे मुंडकीच, पण कुणीही हसत नाही. ती त्या शहराच्याच सैनिकांची आहेत, आणि कॅमेरा ती पाहणाऱ्यांचे चेहरे दाखवतो. मरण मोजलं गेलं. 2014 च्या तिसऱ्या 'हॉबिट' सिनेमाच्या वाढीव आवृत्तीत बुटके योद्धे चाकांना पाती लावलेला रथ हाकत ट्रोलांची मुंडकी छाटत जातात. तिथं हशा पिकतो. मूळ सिनेमा अमेरिकेत पीजी-13 (तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा) होता, वाढीव आवृत्तीला मात्र हिंसेमुळे त्याहून कडक 'आर' प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे प्रेक्षक हसला तरी प्रमाणपत्र देणाऱ्यांनी मोजलंच.

तिसरं मुंडकं सगळ्यांत बोलकं. 'रिटर्न ऑफ द किंग'च्याच वाढीव आवृत्तीत शत्रूचा दूत बोलणी करायला येतो, नायक अ‍ॅरागॉर्न घोडा पुढे घालून त्याचं मुंडकं उडवतो, आणि त्याचा बुटका साथीदार गिम्ली म्हणतो की बोलणी संपली म्हणायची. वेळ अचूक, कापणी स्वच्छ, मरणारा किळसवाणा. तरीही या दृश्यावर टॉल्किनचे चाहते आजही चिडतात. मूळ कादंबरीत दूताला कुणी हात लावत नाही. तो भेदरतो तेव्हा नायकाच्या बाजूचा जादूगार गँडाल्फ उलट त्याला सांगतो की दूताला इथं भीती नाही. चिडणाऱ्यांना रक्त खुपत नाही, नायकाचं वागणं खुपतं. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. लंकेत पकडलेल्या हनुमानाला ठार मारायला निघालेल्या रावणाला बिभीषण अडवतो ते याच मुद्द्यावर: दूत मारायचा नसतो. मग शेपूट पेटवायचं ठरतं, आणि त्यातून जे घडतं त्यावर आपण पिढ्यान् पिढ्या हसतो. दूत मेला असता तर रामकथेत तिथं हशाला जागाच उरली नसती.

"पण आपल्या रसशास्त्रात हे बसतं का?"

हा आक्षेप सुशिक्षित वाचकांकडून येतो आणि तो पोकळ नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. हास्य वेगळा, बीभत्स वेगळा. बीभत्सातून भयानक निपजतो असं भरत सांगतो, हास्य तो शृंगाराशी जोडतो. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण यांची नावं घेतो. यादी नीट पाहा: हास्याच्या वैऱ्यांत बीभत्स नाही. भीती आणि शोक हसू मारतात, किळस मारेलच असं नाही. टॉकीजमधला अनुभव याहून वेगळं काही सांगत नाही. शिवाय काश्मीरचा अभिनवगुप्त, हजारेक वर्षांपूर्वी, म्हणतो की कुठल्याही रसाचा नुसता आभास झाला, तो आपल्या योग्य जागी नसला, की त्याचं हास्य होतं. खोटं रक्त, बावळट राक्षस आणि झाकणासारखं घरंगळणारं शिरस्त्राण म्हणजे बीभत्साचा आभासच.

आणि उदाहरण तर खानदेशाच्या घरातलं आहे. एरंडोल ही महाभारतातली एकचक्रा नगरी अशी इथली परंपरा. जवळच पद्मालयाला भीमानं बकासुराला मारलं असं सांगतात. आदिपर्वातला तो प्रसंग एखाद्या आजच्या कृतिदिग्दर्शकाला दाखवला तर तो एक शब्द बदलणार नाही. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस असा राक्षसाचा कर. भीम जंगलात जाऊन तो भात स्वतःच खायला बसतो. बकासुर येतो, ओरडतो, भीम हसतो आणि जेवत राहतो. बकासुर दोन्ही हातांनी पाठीत रट्टे घालतो, भीम मागे वळूनही बघत नाही. झाड उपटून आणतो, भीम जेवण संपवतो, हात धुतो. मगच लढाई. आणि शेवट? गुडघा पाठीत रोवून राक्षसाचा कणा मोडतो, तोंडातून रक्त येतं. हसू आणि हाड मोडणं एकाच पानावर.

महाभारतानं प्रेक्षकांतली फूटही नोंदवली आहे. द्रोणपर्वात घटोत्कच मरता मरता देह वाढवून कौरवांची एक अक्षौहिणी अंगाखाली चिरडतो. पांडव रडतात, कृष्ण आनंदानं नाचू लागतो. अर्जुन त्याला खडसावून विचारतो, ही काय आनंदाची वेळ आहे? भीमाचा मुलगा गेला आहे. टॉकीजच्या मागच्या रांगेतला प्रश्न तो हाच.

हसणारा निर्दयी असतो का?

हसण्यावरून स्वभाव ओळखू नये, कारण हसू अर्ध्याहून जास्त शेजाऱ्याचं असतं. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणांत माणूस एकट्यापेक्षा सोबतीत जवळपास 30 पट अधिक हसताना आढळला. भरलेल्या टॉकीजमध्ये पहिल्या रांगेतली एक शिट्टी तुमच्याही तोंडून हसू काढते. घरी एकट्यानं पाहताना तोंडाची रेष हलत नाही. काहींना तर भीती किंवा किळस लपवण्यासाठीच हसू येतं, आणि दहावी-बारावीच्या पोरांच्या टोळक्यात ते जास्तच. जो हसत नाही त्याच्याकडेही कारण असू शकतं. गेल्या महिन्यात घरात अपघात झालेल्या माणसाला कुठलंच मरण न मोजता येत नाही.

लहान मुलांना न्यावं का?

2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे तीन भाग झाले: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. पोस्टरवरचा आकडा म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावं, ही सूचना. ही बंदी नव्हे. निव्वळ प्रौढांसाठीचं 'ए' वेगळं.

लहान मुलाला 'बिनधोक' हा अर्धा भाग मोठ्यांइतका पटकन कळत नाही. शिरस्त्राण खोटं, रक्त खोटं हे त्याला सांगावं लागतं. ते हसत असेल तरी झोपेत दचकू शकतं. तेव्हा हसण्यावर विसंबू नका, हात घट्ट धरलाय का ते पाहा. घरी पाहत असाल तर अशा दृश्यात डोळे झाकण्यापेक्षा आवाज बंद करणं जास्त गुणकारी. वर फोलीचं सांगितलं ते उलटं वापरायचं, एवढंच.

गणपतीत बकासुरवध बसवायचा असेल तर

हे सगळं गल्लीतल्या स्टेजवर ताडून बघता येतं. रक्तासाठी एक कप घट्ट साखरेचा पाक थंड करून त्यात चमचाभर लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको पावडर आणि घट्टपणासाठी चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून शिजवून घाला. कुंकवाचं पाणी नको, कुंकू तळाशी बसतं. बिटाचा रस दिव्यांत गुलाबी दिसतो. पाकाला मुंग्या लागतात, तेव्हा प्रयोगाच्या दिवशीच करा, आणि भीमाचं धोतर भाड्याचं असेल तर रंग बकासुराच्या तोंडापुरताच ठेवा.

पाठीवरचे रट्टे भीमाच्या कपड्यांत बांधलेल्या उशीवर, आवाज विंगेतल्या ढोलकीवाल्याकडून, रट्ट्याच्या क्षणीच. अर्धा सेकंद उशीर झाला की मूल सुद्धा ओळखतं. कणा मोडायला माइकजवळ वाळलेली पऱ्हाटी मोडायची, दोन-तीन काड्या एकत्र. भीमानं प्रत्येक रट्ट्यानंतर एक घास जास्त सावकाश खायचा, आणि चौथ्या रट्ट्याला घास बकासुरापुढे धरायचा. तिसऱ्यानंतर काहीतरी मोडायचं म्हटलं होतं ते हे.

अडचण येते ती आधीच्या प्रवेशात. ज्या घरात पांडव राहतात तिथं ब्राह्मण, त्याची बायको आणि मुलगी, आपण राक्षसाकडे जातो म्हणून एकमेकांशी भांडत रडतात. हा प्रवेश मन लावून केला तर प्रेक्षक गलबलतो, आणि मग पुढच्या भातखाऊ भीमावर कुणी हसत नाही. म्हणून मंडळं रडणंच छाटून टाकतात. मग बकासुराची भीतीच राहत नाही आणि हशा पोकळ येतो. व्यासांनी मधे एक पायरी ठेवली आहे. त्या घरातलं बोबडं पोर गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, मी हिनं त्या राक्षसाला मारतो. रडणारे सगळे त्याही अवस्थेत हरखतात. नाटक तासाभरात बसवायचं म्हणून कात्री लागते तेव्हा पाचेक वर्षांचं पोर स्टेजवर सांभाळायचं कुणी, या विचारानं नेमकं तेच पोर पहिलं कापलं जातं.